मदत हवी आहे : मरळ आणि वाम यांच्या बरण्यांवर कोणता गण लिहावा?

नमस्कार. मी नागपुरातील एका महाविद्यालयात प्राणिशास्त्र शिकवतो. विभागाच्या संग्रहातील माशांच्या बरण्यांवरील चिठ्ठ्यांची शाई उडाल्यामुळे त्या नव्याने लिहिण्याचे काम माझ्याकडे आले आहे. बहुतेक नमुने भोईपुऱ्याच्या मासळी बाजारातून आणलेले असून सर्वच किरणपर, म्हणजे हाडांच्या बारीक काड्यांवर ताणलेले पर असणारे मासे आहेत.

रोहू, कटला व मृगळ सिप्रिनिफॉर्मिस गणात (गण म्हणजे ‘ऑर्डर’, अनेक कुलांचा मिळून होणारा वर्गीकरणातला गट) आणि मागूर व शिंगाळा सिल्युरिफॉर्मिस गणात, येथपर्यंत जुनी व नवी पुस्तके भांडत नाहीत. भांडण मरळीपासून सुरू होते. जुन्या चिठ्ठीवर तिचा गण पर्सिफॉर्मिस आहे. परंतु ज्याचा पत्ता लागत नाही तो मासा ठेवण्याची कोठी झालेल्या, सुमारे दहा हजार जातींच्या त्या गणाचे डीएनएवर आधारलेल्या २०१३ च्या वर्गीकरणात तुकडे झाले, आणि हवेतून श्वास घेणारी मरळ आता अनाबॅन्टिफॉर्मिसमध्ये गणली जाते. त्याच जुन्या गणातून टिलापियाचे झालेले स्थलांतर त्याहून विलक्षण आहे, कारण दिसायला पर्चसारखा असलेला हा आफ्रिकी पाहुणा उडत्या माशांचा जवळचा नातलग निघाला.

वामीच्या चिठ्ठीवर तर नुसते ‘ईल’ लिहिलेले आहे. खरी ईल म्हणजे आपला अहीर, त्याचा गण अँग्विलिफॉर्मिस. वाम सिनब्रँकिफॉर्मिसमधली असून तिच्या पाठीवरचे सुटे काटे बरणीच्या काचेतूनही मोजता येतात. ही चिठ्ठी मी विचारल्यावाचून बदलणार आहे.

एका विद्यार्थ्याने मत्स्यालयात मेलेला पॉलिप्टेरस नावाचा मासा दिला आहे. मांसल बुडाच्या परांमुळे त्याला एके काळी खंडपर माशांत बसवत असत. आज तो किरणपर माशांच्या वंशवृक्षाची सर्वांत आधी फुटलेली फांदी मानला जातो.

माझी अडचण अशी की, विद्यार्थ्यांच्या पाठ्यपुस्तकात अद्याप जुनेच गण आहेत आणि तोंडी परीक्षेत बाहेरचे परीक्षक ह्याच बरण्या समोर ठेवतात. चिठ्ठीवर जेमतेम चार ओळी मावतात. नवा गण लिहून जुना कंसात द्यावा, की गण अजिबात न लिहिता केवळ कुल व जाती द्यावी? ज्यांनी आपल्या विभागात असे काम केले आहे, त्यांनी काय ठरवले आणि परीक्षकांशी कसे जमवले, हे कृपया सांगावे.