लाइट बिलाचे किस्से : तुमचे अनुभव सांगा

कूलर काढायला आज माळ्यावर चढले तर बिस्किटांच्या डब्यात बाबांची जुनी लाइट बिलं सापडली, सुतळीनं बांधलेली. प्रत्येकावर पेन्सिलीनं रीडिंग, बिलावरचं नाही, बाबांनी दर १ तारखेला स्वतः मीटरवर बॅटरी मारून पाहिलेलं. एकदा मे मध्ये आम्ही सगळे यवतमाळला होतो, घर बंद, तरी हे मोठ्ठं बिल. बाबा बिलं घेऊन हापिसात, साहेब म्हणे आधी भरा मग बघू. तीन खेपा घातल्या, शेवटी माणूस येऊन बघून गेला तर मीटरवरचा आकडा बिलावरच्या आकड्यापेक्षा कमी! पुढच्या बिलात वळते झाले पैसे. आई मात्र अजून म्हणते तेवढ्याचं पेट्रोल जाळलं ह्यांनी. तुमचेही सांगा.

मानेवाड्याचा पोट्टा : काका हुशार. आमच्या बिलावर दर महिन्याला 'लॉक्ड', आजी चोवीस तास दारात बसून, मीटर बाहेरच्या भिंतीवर, कुलूप कायले लागते बावा? पाच महिने ॲव्हरेज लावत राहिले आन मग सगळे युनिट एकदम. आता १०० च्या वर गेलं की दर चढतो, तर ते युनिट पाच महिन्यांत वाटून स्लॅब लावा ना, एकाच महिन्यात कोंबून राहिले. अर्जात एवढंच लिहिलं, कमी झालं. पोच घ्या पण, शिक्का नसला तर तुम्ही अर्ज दिलाच नाही समजा.

तर्रीपोहे : आमची लाइन कापायला आले तेव्हा सासूबाईंनी शिडीच धरून ठेवली 😂 म्हणे कागद दाखव. कागद नव्हता, गेले परत. दिरांनी नंतर वाचून सांगितलं, विद्युत कायदा २००३, कलम ५६, लेखी नोटीस अन् पूर्ण १५ दिवस, त्याशिवाय कापता येत नाही. खरं सांगू का, बिल थकलं होतं आमचंच, मोबाईलवरून भरायचं काम माझ्याकडे होतं. घरी कोणाला सांगू नका.

मानेवाड्याचा पोट्टा : @तर्रीपोहे सासूबाईंना नमस्कार सांगा 🙏

नंदनवन ६७ : बिलाचं सोडा, कूलरचं ऐका. शेजारचं पोरगं ओल्या पायानं पाइप घेऊन पाणी भरायला गेलं अन् चिकटलं पत्र्याला. त्याच्या आजीनं लाकडी पाट फेकून मारला हातावर, म्हणून वाचलं. प्लग तीन पिनांचा, मागे अर्थिंगची वायरच नाही. मीटरच्या पुढची वायरिंग आपली असते, तिथं लाईनमनला बोलून काय उपयोग. पाणी भरायच्या आधी प्लगच उपटायचा, नुसतं बटण बंद करून भागत नाही. दरवर्षी उन्हाळ्यात पेपरात येते अशी एखादी बातमी.

सुजाता_म : बापरे. आमचा कूलर पण लोखंडीच आहे, आजच इलेक्ट्रिशियनला फोन करते.

अप्पा : एक मी सांगतो. मोठ्या बहिणीनं घरच्या मीटरवर पिठाची चक्की चालवली, दोन वर्षं कोणी विचारलं नाही. मग चेकिंग आलं. चोरी नाही म्हणाले, पण मंजूर काम सोडून दुसऱ्याच कामासाठी वापर म्हणून दुप्पट दरानं लावलं, कलम १२६. तेव्हा काय हक्क सांगणार! जावई भांडायला निघाले होते, मी म्हटलं चूक आपली आहे, हप्ते पाडून घ्या. पण ज्यांची चूक नाही त्यांनी सोडू नये. हापिसात ऐकलं नाही तर तक्रार निवारण मंच, तिथंही नाही तर विद्युत लोकपाल, ते आपल्या नागपुरातच बसतात, मुंबईला जावं लागत नाही. वकील पण लागत नाही, आपल्या साध्या भाषेत लिहा पण तारखा घालून लिहा.

सुजाता_म : अप्पा, चक्की चालू आहे का अजून? जवसाची चटणी दळून हवी होती

अप्पा : चालू आहे, वेगळं मीटर घेतलं. जवस भाजून आणा.

महालची (धागाकर्ती) : 😄 बरं, कूलरच्या जाळीत भरायचं वुडवूल कुठं चांगलं मिळून राहिलं यंदा? मागच्या वर्षीचं महिन्याभरात कुजलं.

नंदनवन ६७ : वाळा लावा ताई, महाग पडतो पण वास काय येतो! अन् अर्थिंग बघून घ्या आधी.