शिकलेली मराठी मुलं सैन्यात अधिकारी का होत नाहीत? (अनुभव धागा)

खडकवासल्याची राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनी (एनडीए) 1954 पासून पुण्याच्या वेशीवर आहे. देशातली पहिली सैनिकी शाळा साताऱ्यात निघाली, 1961 साली. भोसला मिलिटरी स्कूल तर त्याच्याही आधीचं, 1937 चं. जनरल अरुणकुमार वैद्य आणि जनरल मनोज नरवणे लष्करप्रमुख झाले. हे सगळं घराजवळ असूनही शिकल्यासवरल्या घरातलं पोर अधिकारी व्हायला निघालं की पहिला प्रश्न येतो, "का रे, मार्क कमी पडले का?"

देशभक्तीवर व्याख्यानं नकोत, ती 26 जानेवारीला होतातच. जे स्वतः गेले, जे जाऊन बाहेर पडले, ज्यांनी पोरांना पाठवलं किंवा अडवलं, त्यांनी लिहावं. कशामुळे वळलात? काय आधी कळायला हवं होतं? मुख्य विषय अधिकारी होण्याचा, पण अग्निवीरांच्या घरच्यांनीही जरूर लिहावं. सध्या सेवेत असाल तर युनिट आणि ठिकाण लिहू नका.

ईएमईवाला

सुरुवात मी करतो. पुण्यात मेकॅनिकल केलं. कॅम्पसमधून हिंजवडीतली नोकरी हातात होती. कॉलेजचा एक माजी विद्यार्थी सुट्टीवर आला होता, कॅप्टन. त्याने कँटीनमध्ये बसून दोन तास फक्त स्वतःचं काम सांगितलं: लडाखच्या थंडीत डिझेल गोठतं, बॅटऱ्या बसतात, आणि तरी सकाळी गाड्या निघाल्याच पाहिजेत. देश, तिरंगा वगैरे शब्दही त्याच्या तोंडून आला नाही. मला ते काम हवंसं वाटलं, एवढंच.

इंजिनिअरांसाठी शॉर्ट सर्व्हिस टेक्निकल एंट्री असते, तिला लेखी परीक्षाच नाही. डिग्रीच्या मार्कांवर यादी लागते, मग थेट एसएसबी, म्हणजे निवड मंडळाच्या चाचण्या आणि मुलाखत. हे आमच्या वर्गात कुणालाच ठाऊक नव्हतं. ट्रेनिंग 49 आठवड्यांचं, आणि ते चालू असताना सातव्या वेतन आयोगाप्रमाणे महिना 56,100 रुपये स्टायपेंड. बाहेर पडलो की लेफ्टनंट. मूळ पगार तोच, वर मिलिटरी सर्व्हिस पे 15,500, शिवाय भत्ते. दोन वर्षांत कॅप्टन, सहा वर्षांत मेजर.

पंचविशीत माझ्या हाताखाली शंभरेक माणसं होती. सुभेदारसाहेब माझ्या जन्माच्या सुमाराला भरती झालेले. इंजिन त्यांना माझ्यापेक्षा चांगलं कळायचं, आणि हे पहिल्याच आठवड्यात मान्य केलं म्हणून आमचं जमलं. माझ्या बॅचचे मित्र तेव्हा टीम लीडच्या हाताखाली स्लाइड बनवत होते.

आता दुसरी बाजू. शॉर्ट सर्व्हिस दहा वर्षांची, फार तर आणखी चार मिळतात. पेन्शन नाही. मी दहा वर्षांनी बाहेर आलो. सैन्यातून निघणाऱ्या अधिकाऱ्यांसाठी आयआयएममध्ये सहा महिन्यांचे कोर्स असतात, तो केला, आज चाकणला एका कारखान्यात आहे. पण पहिल्या मुलाखतीत एचआरच्या मुलीने विचारलं, "सर, तुम्हाला माणसं सांभाळायचा अनुभव आहे का?" हसू की रडू कळेना. मुलांना न्यायचं असेल तर "नंतर काय" याचं उत्तर आधी द्या. पोस्टरवर ते कुठेच नसतं.

कोरेगावकर

आमच्याकडं अपशिंगे मिलिटरीसारखी गावं आहेत. घरटी फौजी. आजोबा मराठा लाइट इन्फंट्रीत हवालदार, चुलते नाईक. पण गावात "मिलिटरीत जायचं" म्हणजे भरती, आणि भरती म्हणजे पहाटे चारला उठून रस्त्यावर पळायचं. सोळाशे मीटर साडेपाच मिनिटांत, दहा बीम (पुल-अप), लाँग जंप. तालुक्याला जिथं तिथं अकॅडमी, सगळ्या त्यासाठीच.

मी बीएस्सी केलं, फर्स्ट क्लास. तरीबी पळतच होतो. सीडीएस नावाची परीक्षा असते, पदवीवर थेट अधिकारी होता येतं, हे मला गावात कुणी सांगितलं नाही. आजोबांनी आयुष्यभर अधिकाऱ्यांना सॅल्यूट ठोकले, पण नातू त्या खुर्चीत बसू शकतो हे त्यांच्या मनातच नव्हतं. "साहेब लोकांची पोरं येगळी असत्यात" म्हणायचे. मला कळलं तोवर आयएमएची (डेहराडूनची अकादमी) 24 ची वयोमर्यादा निघून गेली होती. ओटीएला (शॉर्ट सर्व्हिसवाल्यांची अकादमी) थोडा वेळ उरला होता, तेवढ्यात इंग्रजी काही जमलं नाही. आता शिक्षक आहे, आणि दहावीच्या वर्गात दरवर्षी फळ्यावर एनडीए आणि सीडीएसची वयं लिहून ठेवतो. शहरातल्या मुलांना कसं आकर्षित करायचं ते तुम्ही ठरवा. आमच्याकडं ओढ आहेच, वाट माहीत नाही.

डोंबिवलीची आई

एकुलता एक मुलगा, दहावीला 94 टक्के. जेईईचा क्लास लावला होता, पैसे भरून झाले होते. त्याने परस्पर संभाजीनगरच्या एसपीआयची परीक्षा दिली. ही संस्था राज्य सरकारची, 1977 पासून आहे, अकरावी-बारावीबरोबर एनडीएची तयारी करून घेतात. निवड झाली तेव्हा आम्हाला कळलं.

मी दोन दिवस त्याच्याशी बोलले नाही. भीती मरणाची होती, खोटं कशाला बोलू. पण नातेवाइकांचे फोन आले ते वेगळ्याच काळजीने. "इतका हुशार मुलगा, आणि मिलिटरीत?" जाऊबाईंनी तर क्लासची फी परत मिळते का विचारलं. या प्रश्नाने माझा राग फिरला. हुशार मुलगा वाया जातोय असं ज्याला वाटतं, त्याला आपलं रक्षण कुणी करावं असं वाटतं?

मग माहिती काढली. एनडीएत तीन वर्षं, शेवटी जेएनयूची पदवी हातात. लेखी 900 मार्कांची: गणित 300, सामान्य क्षमता 600. एसएसबीही 900 ची. आर्ट्सचा मुलगासुद्धा भूदलासाठी बसू शकतो, नौदल-हवाईदलाला मात्र बारावीला फिजिक्स, केमिस्ट्री, गणित लागतं. हे सगळं मी चाळिशीनंतर शिकले. पहिल्या टर्मला तो घरी आला तेव्हा ताटातलं संपवून स्वतः उठून ताट घासलं. (हे फार दिवस टिकलं नाही.)

वऱ्हाडातला

एसएसबीबद्दल कुणीतरी लिहायलाच हवं. मी भोपाळला बऱ्याचदा जाऊन आलो, शेवटपर्यंत पोचलो, निवड नाही झाली. तरी सांगतो, अशी परीक्षा आपल्याकडे दुसरी नाही.

पहिल्या दिवशी स्क्रीनिंग. बुद्धिमापन, मग एक धूसर चित्र अर्धा मिनिट दाखवतात, त्यावर गोष्ट लिहायची आणि गटात चर्चा. बरीच पोरं दुपारीच परतीची गाडी बघतात. जे उरतात त्यांना छातीवर नंबर मिळतो, पुढचे दिवस नाव विसरा. मानसशास्त्राच्या चाचण्या: बारा चित्रांवर गोष्टी, त्यातलं शेवटचं कोरं. साठ शब्द, प्रत्येकाला पंधरा सेकंद, मनात येईल ते वाक्य. साठ प्रसंग अर्ध्या तासात. विचार करून खोटं बोलायला वेळच नसतो. मग मैदान: फळ्या, पिंपं, दोर, आठ-दहा जणांनी मिळून अडथळा पार करायचा. शेवटी कॉन्फरन्स, म्हणजे सगळ्या परीक्षकांसमोर एकत्र.

क्लासवाले पाठ करून घेतात, "मला ट्रेकिंगची आवड आहे" वगैरे. मुलाखत घेणारा विचारतो, शेवटचा ट्रेक कुठला, बुटांचा नंबर काय, वाटेत पाणी कुठे भरलंस? आपली पोरं इथे गळतात. इंग्रजीचा बाऊ उगाच होतो, गटचर्चेत हिंदी मिसळली तरी चालते. खरी अडचण अशी की घरात त्याला सतरा वर्षांत कुणी काही ठरवूच दिलेलं नसतं. गॅसचा नंबर लावला नाही, बँकेत गेला नाही, मावसभावाचं लग्न असलं तर "तू अभ्यास कर, आम्ही बघतो." अन् अचानक त्याच्याकडून अपेक्षा की आठ जणांचं नेतृत्व कर!

नाशिक रोडला सैनिक कल्याण विभागाचं छात्रपूर्व प्रशिक्षण केंद्र आहे. एसएसबीची तयारी मोफत, राहणं-जेवणासकट. खासगी क्लासला हजारो रुपये मोजण्याआधी तिथे चौकशी करा.

फौजी बायको

इथे सगळं गोड चाललंय म्हणून जरा मीठ घालते. मी सीए आहे. लग्नानंतर दर दोन-तीन वर्षांनी गाव बदललं. एका ठिकाणी भागीदारी मिळत होती, तेव्हाच बदलीची ऑर्डर आली. मुलीच्या शाळा किती झाल्या ते मोजणं सोडून दिलंय. केंद्रीय विद्यालय आणि आर्मी पब्लिक स्कूल आहेत म्हणून निदान पुस्तकं तरी बदलत नाहीत. नवरा फील्डवर असतो तेव्हा गळणारा नळ, तापलेली मुलगी आणि सासूबाईंचं ऑपरेशन हे एकाच आठवड्यात येतं.

शिकलेला मुलगा आला की त्याची शिकलेली बायकोही येते, हे धोरण ठरवणाऱ्यांनी लक्षात घ्यायला हवं. घरून काम करता येऊ लागल्यापासून माझं बरंच सुकर झालं, खरं सांगायचं तर त्याआधी मी पूर्ण चिडलेली होते. तरीही शेजारच्या क्वार्टरमधल्या बायकांनी जे केलं ते डेक्कनच्या फ्लॅटमध्ये कुणी केलं नसतं.

एनसीसीवाली

मुलींनी लिहिलं नाही अजून, म्हणून मी. एनसीसीचं सी सर्टिफिकेट असेल आणि पदवीला 50 टक्के, तर स्पेशल एंट्रीला लेखी नाही, थेट एसएसबी. मी त्यातून ओटीएला आले. कॉलेजात एनसीसी घेतली ती सरळ सांगायचं तर कॅम्पला जायला मिळतं म्हणून!

भूदलात महिला अधिकारी 1992 पासून येऊ लागल्या, पण बऱ्याच शाखांत कायम कमिशनचा (निवृत्तीपर्यंतच्या सेवेचा) दरवाजा 2020 च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालाने उघडला. एनडीएत मुली 2022 ला आल्या आणि पहिल्या 17 जणी 30 मे 2025 ला पास आउट झाल्या. माझ्या वेळी हा रस्ता नव्हता. साताऱ्याचे कर्नल संतोष महाडिक 2015 ला कुपवाड्यात हुतात्मा झाले, आणि त्यांच्या पत्नी स्वाती महाडिक दोन वर्षांनी ओटीएतून लेफ्टनंट झाल्या. आमच्या घरी आई विरोध करत होती, तिने ती बातमी वाचली आणि पेपर न बोलता माझ्या टेबलावर ठेवला.

कानाचा डॉक्टर

छोटं पण महत्त्वाचं. निवड होऊन मेडिकलला अडकणारी मुलं माझ्याकडे रडत येतात. कानातला मळ, नाकाचा वाकडा पडदा, सपाट तळवे, गुडघे एकमेकांना लागणं, रंग न ओळखता येणं. पहिली दोन वेळेत बरी होतात, रंगांधळेपणा होत नाही. वयाची वीस वर्षं पुरी होण्याआधी केलेली लेसिक (चष्मा घालवायची शस्त्रक्रिया) चालत नाही. टॅटू हाताच्या आतल्या बाजूला, कोपरापासून मनगटापर्यंत किंवा तळहाताच्या मागे असेल तरच, एरवी नाही. आणि "तात्पुरते नाकारले" म्हणजे संपलं असं नसतं, मुदतीत अपील करता येतं. अकरावीतच तपासून घ्या.

अग्निवीराचा भाऊ

धाकटा बीकॉम झाला आणि अग्निवीर म्हणून गेला. पहिल्या वर्षी 30,000, त्यातले 21,000 हातात, बाकी सेवानिधीत. चार वर्षांनी साधारण 11.71 लाख मिळतात आणि जास्तीत जास्त 25 टक्के पोरं कायम होतात. पेन्शन नाही. वडील विचारतात, "पंचविशीत घरी आला तर मुलगी कोण देणार?" याचं उत्तर माझ्याकडे नाही.

पण या गोंधळात एक नुकसान होतंय. "आता सैन्यात चारच वर्षं" असं समजून गावातल्या हुशार पोरांचे आईबाप एनडीएचा फॉर्मसुद्धा भरू देत नाहीत. अग्निवीरांची अग्निपथ योजना अधिकाऱ्यांना लागू नाही, हे कुणीतरी ग्रामपंचायतीच्या बोर्डावर लिहा.

भांडुपकर

वाचतोय सकाळपासून. मुलगी आठवीत, गणित बरं आहे, कबड्डी खेळते, परवापासून "मला पायलट व्हायचंय" सुरू झालंय. काय करू?

ईएमईवाला

@भांडुपकर, आत्ता क्लास लावू नका. कबड्डी चालू ठेवा. डोळे आणि रंगदृष्टी तपासून घ्या, पायलट म्हणतेय तर आजच. दहावीनंतर नाशिकच्या मुलींच्या एसपीआयची परीक्षा देऊ द्या, ती 2023 ला सुरू झाली आहे. अकरावीला फिजिक्स, केमिस्ट्री आणि गणित सोडू नका. एनडीएची परीक्षा वर्षातून दोनदा असते, वय साडेसोळा ते साडेएकोणीस. आणि पुढच्या वेळी घरचा गॅसचा नंबर तिला लावायला सांगा.