वजन ७८ वरून ७० वर आणायचंय. खर्च शून्य, वेळ वीस मिनिटं. काय करू?

उशिरा_उठणारा
वय ४१, उंची १७० सेमी, वजन ७८. रक्तदाब काठावर आलाय. "जरा वजन उतरवा" एवढं सांगून डॉक्टरांनी पुढच्या पेशंटला हाक मारली. माझ्या अटी आधीच सांगतो. घरात चार माणसं आणि स्वयंपाक एकच, त्यामुळे माझ्यासाठी वेगळं काही शिजणार नाही. विकत काहीही घेणार नाही, म्हणजे पावडर, यंत्र, ऍपची वर्गणी सगळं बाद. रोज वीस मिनिटं देऊ शकतो, त्याहून जास्त नाही. अनुभवी लोकांनी सांगा.

नवा_पट्टा
मनगटाचा पट्टा घ्या, डोळे झाकून. मी घेतल्यापासून रोज १० हजार पावलं, एक दिवस खाडा नाही. परवा रात्री पावणेबाराला ९,४०० होती, तर हॉलमध्ये फेऱ्या मारून पुरी केली. आठ महिन्यांत नऊ किलो.

अर्धी_वाटी
रात्रीचा भात बंद. विषय संपला. मी केला, तीन महिन्यांत सहा किलो.

हसरी_बाहुली
अर्धी_वाटी +१. रात्रीचा भात बंद करा. आणि साखरेऐवजी मध. सकाळी कोमट पाण्यात मोठा चमचाभर घेते, चरबी वितळते.

गणितमास्तर
मधाने काहीही वितळत नाही हो. मोठा चमचाभर मध म्हणजे साठच्या वर कॅलरी, आणि त्यातला बहुतेक भाग साखरच. उलट त्या चमच्यात साध्या साखरेपेक्षा कॅलरी जास्तच भरतात, कारण मध जड असतो.
पट्टेवाल्यांसाठी अवांतर: १० हजार हा आकडा कुठल्या संशोधनातून आलेला नाही. १९६५ च्या सुमारास जपानमध्ये पावलं मोजायचं एक यंत्र निघालं, त्याच्या नावाचाच अर्थ 'दहा हजार पावलांचं मोजमाप'. जाहिरात होती ती.

नवा_पट्टा
जाहिरात असो नाहीतर काही असो, माझे नऊ किलो खरे आहेत. तुमचे किती उतरले तेवढं सांगा.

गणितमास्तर
माझं वजन वाढलेलंच नव्हतं.

मध्यरात्र
मास्तर :)
धागाकर्ते, माझी फजिती ऐका. ऍपमध्ये नोंदी करायचो, काट्यावर मोजून. ताटात २०० ग्रॅम शिजलेला भात असायचा आणि यादीतून मी निवडायचो 'तांदूळ'. म्हणजे कच्चा! ऍप म्हणे ७०० च्या वर कॅलरी झाल्या, प्रत्यक्षात २६० च्या आसपास. बाकी दिवसभर मग काय खाणार? आठव्या दिवशी जिना चढताना डोळ्यांपुढे अंधारी आली तेव्हा बायकोने यादी बघितली. तिला कळायला अर्धं मिनिट लागलं. तर नोंद कच्च्याची की शिजलेल्याची ते आधी ठरवा. आणि भाताला उगाच शिव्या घालू नका, अर्धी_वाटी यांचा बहुधा भातावरचा हात आखडला म्हणून एकूणच खाणं कमी झालं असेल.

अर्धी_वाटी
तुम्ही माझ्या घरी जेवायला होतात का?

सुमेधा_क
खर्च शून्य आहे म्हणून सांगते. नवा तेलाचा डबा उघडाल त्या दिवशी त्यावर पेनने तारीख घाला. संपेल त्या दिवशी हिशोब करा. आमच्याकडे चार माणसांत महिन्याला पाच लिटर जात होतं. म्हणजे माणशी रोज ४० मिलीच्या वर, ३८ ग्रॅम धरा. ग्रॅमला ९ कॅलरी, म्हणजे ३४० च्या आसपास, आणि हे दिसत कुठेच नाही. ताटात भाजी दिसते, भात दिसतो, तेल दिसत नाही. मी फोडणीला बाटलीने ओतणं सोडून चमचा धरला, बाकी काही बदललं नाही. आता साडेतीन लिटर. घरात कुणाला चवीतला फरक कळला नाही. सासूबाईंना कळला, पण त्या बोलल्या नाहीत. तुमचा स्वयंपाक एकच आहे ना? मग याचा फायदा चौघांनाही.

बोलघेवडा
तळण केलं की तेल कढईत उरतं, ते काय पोटात जातं? हिशोब चुकला.

सुमेधा_क
उरलेलं गाळून पुन्हा वापरतोच की आपण. शेवटी डबा रिकामाच होतो ना? टाकून देत असाल तर तेवढं वजा करा.

बोलघेवडा
यावर एकच उपाय, एअर फ्रायर. आमचा मोठा आहे, दोन कप्प्यांचा. तेल जवळजवळ शून्य.

मध्यरात्र
एअर फ्रायर म्हणजे पंखा लावलेली छोटी भट्टी. मोठं नाव दिलंय, एवढंच.

बोलघेवडा
वापरून बघा, मग बोला. भट्टीत बटाटा असा होत नाही.

(यापुढचे सहा प्रतिसाद बटाट्यावर होते, ते वेगळ्या धाग्यात हलवलेत. – संपादक)

उशिरा_उठणारा
मंडळी, खर्च शून्य लिहिलंय मी. पट्टा नको, फ्रायर नको. तेलाचा हिशोब करतो. वजन रोज करायचं की आठवड्याला?

हसरी_बाहुली
आठवड्याला. रोज केलं की मन खट्टू होतं. मी मात्र रोज करते, बाथरूमबाहेरच्या तिसऱ्या फरशीवर. ती जरा हलते, तिथे दीड किलो कमी दाखवतो. सगळ्या घराला माहीत आहे.

गणितमास्तर
रोज करा, पण बघायची ती सात दिवसांची सरासरी. एका दिवसात किलो-दीड किलोचा फरक हा पाण्याचा असतो. खारट जेवलं की पाणी साठतं. पिठूळ-गोड कमी केलं की शरीरातला ग्लायकोजेनचा, म्हणजे साठवून ठेवलेल्या साखरेचा, साठा उतरतो, आणि त्याच्या दर ग्रॅमबरोबर साधारण ३ ग्रॅम पाणी असतं, तेही जातं. पहिल्या आठवड्यात 'अडीच किलो उतरले' म्हणून पेढे वाटणारे इथेच फसतात. किलोभर चरबी म्हणजे ७,७०० च्या आसपास कॅलरी. रोज ३०० कमी केल्या तर आठ किलोंना सात महिने, आणि वजन उतरेल तसा वेगही मंदावतो, म्हणजे खरं तर त्याहून जास्तच.

जुना_जाणता
सात महिने ऐकून पळू नका. मी घाई केली होती. लग्न होतं पुतणीचं, दहा आठवड्यांत अठरा किलो उतरवले. एका ठिकाणी पैसे भरून, दिवसभर नुसते पातळ पदार्थ. लग्नात सगळे ओळखेनात, छान वाटलं. नंतर दोन महिन्यांनी रात्री उजव्या बरगडीखाली अशी कळ आली की उभं राहवेना. पित्ताशयात खडे. वजन भराभर उतरलं की होतात म्हणे, हे मला आधी कुणी सांगितलं नव्हतं. पैसे घेणाऱ्यांनी तर नाहीच. पित्ताशय काढलं. अठरातले चौदा किलो परत आले, पित्ताशय काही आलं नाही.

नवा_पट्टा
वाईट वाटलं काका. पण चालण्याने खडे होत नाहीत, हेही लक्षात घ्या.

निमूट
पाकिटातलं कमी करा. २०१९ मध्ये अमेरिकेत २० जणांना दोन आठवडे कारखान्यातलं खाणं दिलं, दोन आठवडे घरच्यासारखं. समोर ठेवलेल्यात साखर, चरबी, तंतू सारखेच, खा हवं तेवढं. पाकिटातल्याच्या वेळी माणसं रोज ५०० च्या आसपास कॅलरी जास्त खात होती. ताटात अर्धी भाजी आणि दर जेवणात डाळ, अंडं, दही यांपैकी काहीतरी. पोट भरलेलं राहतं.

अर्धी_वाटी
आणि रात्री भात नको.

उशिरा_उठणारा
सगळ्यांचे आभार. चार दिवस गप्प होतो, कारण काहीही न बदलता फक्त लिहीत होतो. विजेच्या बिलाच्या पाकिटावर, मागच्या बाजूला.
तेल: आमचा डबा महिन्याला तीन लिटर. सुमेधाताई, इथे फार काही सापडलं नाही.
भात: दोन्ही वेळा मिळून एक वाटी. तो राहणार.
सापडलं ते असं. मंगळवार, रात्री ११:२०, बिस्किटं चार. ११:४५, दाणे, डब्यातून मूठभर. १२:१०, फ्रीजच्या दारातलं चीज, उभ्याउभ्या, दिवा न लावता. बुधवारी तेच, फक्त बिस्किटं सहा. भूक एकदाही नव्हती. मुलीच्या ताटातलं उरलेलं वेगळंच. साडेदहाच्या आधी मात्र चारही दिवस तसं काही नाही.
तर मी रात्री साडेदहाला झोपणार आहे. बाकी काही नाही. वजनकाटा पलंगाखाली सरकवलाय, दोन महिन्यांनी काढीन. वीस मिनिटंही तुम्हाला परत.

अर्धी_वाटी
एवढ्या लोकांनी एवढं लिहिलं आणि निष्कर्ष काय, तर झोप! झोपून कुणी बारीक झालंय का?

गणितमास्तर
झालंय, थोडंफार. २०२२ चा एक प्रयोग आहे. साडेसहा तासांहून कमी झोपणारे, वजन जास्त असलेले ८० जण. निम्म्यांना झोप वाढवायला मदत केली, खाण्याबद्दल काहीही सांगितलं नाही. ती तासाभराहून थोडी जास्त वाढली, आणि बाकीच्यांच्या तुलनेत रोजचं खाणं २७० च्या आसपास कॅलरींनी कमी निघालं. मला हे आधी सुचायला हवं होतं, ते सोडा. पण दाणे आणि बिस्किटं मिळूनच तुमच्या तीनशेच्या आसपास कॅलरी होतात. काटा बाहेर काढा, आणि सरासरी लिहीत चला.

उशिरा_उठणारा
नाही काढणार.

सुमेधा_क
तीन लिटर? चौघांत? भाजी करपत नाही का तुमची?

नवा_पट्टा
झोपच मोजायची असेल तर पट्ट्यात तीही मोजली जाते.