मदत हवी आहे: एचओएच्या (घरमालक संघटनेच्या) रिझर्व्ह फंडाचा, म्हणजे मोठ्या दुरुस्त्यांसाठी साठवलेल्या पैशाचा, अंदाज कसा घ्यायचा?

टेक्सासमध्ये एचओए असलेल्या वसाहतीत टाउनहाऊस बघतोय. ऑफर अजून दिलेली नाही. सीसी अँड आर (घरांच्या वापरावरचे नियम आणि बंधनं) आणि बायलॉज (संघटनेच्या कारभाराचे नियम) वाचले (कुंपणाच्या रंगावर अख्खं पान आहे!). पुढे घर भाड्याने द्यायचंय, त्याला सध्या मुभा आहे. मासिक वर्गणीही परवडते. धास्ती आहे ती स्पेशल असेसमेंटची (मोठ्या खर्चासाठी मालकांकडून वर्गणीशिवाय घेतल्या जाणाऱ्या जादा रकमेची), कारण छपरं जुनी आहेत आणि ती बदलणं एचओएकडेच. एजंट म्हणतो, 'रीसेल सर्टिफिकेटमध्ये सगळं कळेल.' पण घरविक्रीच्या वेळी एचओए देते त्या या दाखल्यात रिझर्व्हची रक्कम दिसेल, ती पुरेल का ते कसं कळणार? रिझर्व्ह स्टडी (पुढच्या मोठ्या दुरुस्त्या आणि त्यांना लागणाऱ्या पैशाचा अहवाल) मागितला तर पाच वर्षांपूर्वीचा मिळाला. बजेट आणि बोर्डाच्या सभांची इतिवृत्तं आता मागवतोय. त्यांत नेमकं काय तपासलं की मोठा खर्च अंगावर येणार आहे, हे आधीच ओळखता येईल?