पवना-इंद्रायणी दुआब : टोपोशीटवरून बुजलेले ओढे सापडतील का?

प्रश्न (चिंचवडकर)
पवना आणि इंद्रायणी यांमधला जलविभाजक (जिथून पाणी दोन नद्यांकडे वाटले जाते ती उंच रेषा), तसेच कारखान्यांच्या आणि वसाहतींच्या खाली गडप झालेले ओढे मला एका नकाशावर आणायचे आहेत. त्यासाठी भारतीय सर्वेक्षण विभागाची कोणती पत्रके (टोपोशीट, म्हणजे जमिनीचा चढउतार दाखवणारे नकाशे) लागतील? आमच्या सोसायटीत पुराचे पाणी कुठवर येईल, हेही त्यांवरून काढता येईल का?

उत्तर (नकाशावेडा)
बहुतेक काम १:५०,००० प्रमाणाच्या ४७ एफ/१४ या एकाच पत्रकावर होईल. ते १८°३०′ ते १८°४५′ उत्तर अक्षांश आणि ७३°४५′ ते ७४° पूर्व रेखांश यांमधले असल्याने पिंपरी, चिंचवड, भोसरी, देहू, आळंदी आणि दापोडीजवळचा पवना-मुळा संगम एकत्र मिळतात. पुण्याचे मात्र दोन तुकडे होतात: शनिवारवाडा याच पत्रकात, तर पर्वती खालच्या ४७ एफ/१५ मध्ये. औद्योगिक पट्टा पुढे सरकला आहे, म्हणून चाकणसाठी ४७ एफ/१३ आणि तळेगाव दाभाड्यासाठी ४७ एफ/१० जोडून घ्या. विभागाच्या खुल्या मालिकेत (सर्वांसाठी खुल्या असलेल्या नकाशांत) क्रमांकांची पद्धत वेगळी आहे. तिथे अक्षांश-रेखांश पाहूनच पत्रक निवडावे.

उत्तर (धरणावरचा)
पुरासाठी ही पत्रके वापरू नका. त्यांवरील लगतच्या दोन समोच्च रेषांत (समान उंचीची ठिकाणे जोडणाऱ्या रेषांत) सहसा २० मीटरांचा फरक असतो, म्हणजे सहा मजली इमारत त्यांच्या मध्ये बसते आणि नकाशाला तिचा पत्ताही लागत नाही. सोसायटीचा प्रश्न दोन-तीन मीटरांचा आहे. त्यासाठी जलसंपदा विभागाने आखलेल्या पूररेषा पाहाव्यात: निळी सरासरी २५ वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची, लाल १०० वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची.

उत्तर (भूगोल शिक्षक)
ओढ्यांसाठी मात्र पत्रक उत्तम आहे, आणि जितके जुने तितके चांगले. भोसरी परिसरात औद्योगिक वसाहत १९६०च्या दशकात उभी राहू लागली. त्याआधीचे एक इंचाला एक मैल या प्रमाणाचे पत्रक मिळाले, तर नव्या पत्रकाशेजारी ठेवून पाहा. ओढ्याची रेघ पुसली गेली, तरी समोच्च रेषेचा चढाकडे टोक केलेला बाक पुष्कळदा तसाच राहतो. भराव टाकून जमीन सपाट केली असेल, तिथेच तो हरवतो. विद्यार्थी निळ्या रेघा तेवढ्या शोधतात आणि फसतात, कारण कोरडे पडणारे ओढे या पत्रकांवर काळ्या रेघेने दाखवलेले असतात.