सल्ला हवाय: जुन्या शोकांतिकेतला कुठला प्रवेश करावा?

वडगावकरीण: आमच्या महिला मंडळाचा वर्धापनदिन आहे, वीस मिनिटं मिळालीत. दरवर्षी विनोदी स्किटच होतं, यंदा मला शोकांत काहीतरी करायचंय. 'एकच प्याला'तली सिंधू की देवलांच्या 'झुंझारराव'मधली कमळजा? आम्ही दोघीच. बजेट ४ हजार, कपडे पेटीवाला सगळं धरून.

शहापूरची_सून: सिंधूच घ्या. मी केलेली, त्यासाठी मागावरची साडीच ७ हजाराची घेतली, फोटो काय आले म्हणून सांगू! साडीत कंजुषी नको.

निपाणीकर: ७ हजाराची साडी नेसून दळायला बसली होय सिंधू? शालूंचा एवढा शौक असलेल्या बालगंधर्वांनीसुद्धा ह्या भूमिकेला ठिगळाचं लुगडं नेसलं. आईचं जुनं नऊवारी काढा बगा.

टिळकवाडी_रसिक: आधी माईकचं बगा. आमच्या वेळी ऐन मरणाच्या प्रवेशात मंडपवाल्याचा माईक कुई करायला लागला, सगळी हसली. चांगले कॉलर माईक घ्या, ५ हजार जातील. बाकी गडकऱ्यांनी स्वतः लिहिलेल्या 'एकच प्याला'चा प्रयोग बघितलाच नाही, जानेवारी १९१९ला ते गेले आणि फेब्रुवारीत गंधर्व मंडळींनी बडोद्याला केला. पदंसुद्धा वि. सी. गुर्जरांची.

निपाणीकर: पदांचं कुणी विचारलं? पेटीवालाच नको, पैसे वाचतात.

खानापूरचा_मास्तर: ताई, दोन्हीत एकच जागा आहे ती धरा. 'झुंझारराव' ज्यावरनं घेतलंय त्या शेक्सपिअरच्या ऑथेल्लोत डेस्डिमोनाला, म्हणजे आपल्या कमळजेला, कुणी मारलं विचारल्यावर ती नवऱ्याचं नाव घेत नाही, स्वतःवरच घेते. इकडं दारुड्या नवऱ्यानं, सुधाकरानं, सिंधूचं बाळ मारलंय, ती स्वतः मरायला टेकलीय आणि फौजदारासमोर सुधाकराला वाचवायला खोटं बोलते. ते खोटं रडत बोलू नका. घरी आलेल्या माणसाला काही झालं नाही असं सांगतात तसं, सरळ त्याच्याकडं बघून. त्या आधी जरा थांबा, श्वास लागू दे. मला तिथं दरवेळी भरून येतं.

अनगोळची_मुलगी: पण सर, पोरगं मारलेल्या नवऱ्याला वाचवणारी बाई महिला मंडळात का दाखवायची? आमच्या गल्लीत अशा खऱ्या आहेत.

खानापूरचा_मास्तर: म्हणूनच दाखवायची.

शहापूरची_सून: मी पण तेच म्हणते, सिंधूच. साडी हवी तर माझी न्या.

वडगावकरीण: सगळ्यांचे आभार. अनगोळच्या ताईंचं वाचून दोन दिवस नुसतं डोक्यात घोळलं. सिंधू माझी जाऊ करील, मी सुधाकर करणार. बायकांची कामं पुरुषांनी केली तर मी धोतर का नेसू नये? ती खोटं बोलते तेव्हा तो तिथंच असतो, ते ऐकून त्याचं काय होतं तेच मला करायचंय. प्याल्यात विष घालून पितो तिथवर. फौजदार पडद्यामागून बोलेल, पेटी नाही, माईक नाही, हॉल लहानच आहे. धोतर सासऱ्यांचं. निपाणीकर, ठिगळ उलट्या बाजूनं मारायचं की वरून?

निपाणीकर: वरून. मागच्या रांगेला दिसलं पाहिजे.