सोमवार ते शनिवारची श्रद्धा : तुमचे अनुभव लिहा

मालव्याची_लेक :
काल भाजी घेताना बघितलं, काटा रिकामा आणि आकडा ४० ग्रॅम. विचारलं तर म्हणे, "आंटी, मशीन ही ऐसी है." बाबांचं दुकानच आठवलं एकदम. मालवा मिलजवळ छोटंसं किराणा होतं. पितळी तराजू. पारड्याच्या बुडाला चिंचेचा गोळा चिकटवायची युक्ती अख्ख्या बाजाराला ठाऊक. बाबा दुकान उघडलं की दोन्ही पारडी उलटी करून फडक्यानं पुसायचे, गिऱ्हाईक असो वा नसो. मग उभ्याउभ्याच प्रार्थना आणि मग बोहनी. कुणाला उपदेश केलेला आठवत नाही. चर्चच्या उपासनेत तर डुलक्या काढायचे! पण एखाद्याची उधारी फारच तुंबली की वहीत काट मारून गप्प बसायचे. त्यावरून आईशी भांडण ठरलेलं. (आईचंही बरोबरच होतं, घर तिला चालवायचं होतं.)
तर मंडळी, रविवारच्या चर्चचं राहू द्या, बाकीच्या दिवसांचं लिहा.

शेव_परमल :
ईस्टरआधीच्या चाळीस दिवसांच्या उपवासकाळात शेव सोडली होती. इंदुरात!! पोह्यांवर शेव नको म्हटलं तर पोहेवाला भिया तब्येत विचारायला लागला. सांगितलं, लेंट आहे. तर म्हणतो, "हमारे यहाँ भी चौमासे में प्याज बंद." तेव्हापासून रोज गप्पा. आत्मिक वाढ किती झाली देव जाणे, ओळख मात्र वाढली. शेवेचे वाचलेले पैसे दानथैलीत टाकले.

पेटीवाला :
रविवारी हाणली असणार. त्या चाळीस दिवसांत रविवार धरत नाहीत 😀

शेव_परमल :
भस्म बुधवारीच, उपवासाच्या पहिल्याच दिवशी, हिशोब करून ठेवला होता 😀

रेसिडेन्सीवाली :
कुकर लावलाय, पटकन लिहिते. सिस्टर राणी मारियांबद्दल इंदूरवाल्यांना काय सांगायचं? आदिवासींना सावकारांच्या कचाट्यातून सोडवत होत्या म्हणून १९९५ मध्ये उदयनगरहून इंदूरला येताना बसमधून ओढून मारलं. त्यांची धाकटी बहीण, तीही सिस्टरच, २००२ मध्ये तुरुंगात गेली आणि मारणाऱ्या त्याच माणसाला राखी बांधून आली. नोव्हेंबर २०१७ मध्ये इथे राणी मारियांना धन्य घोषित केलं (संतपदाच्या आधीची पायरी) त्या सोहळ्याला मी गेले होते. सगळे डोळे पुसत होते आणि माझ्या डोक्यात आमचा दीर. घराच्या वाटणीत त्यानं जे केलं ना... जाऊ दे. त्या दिवसापासून जेवणाआधीच्या प्रार्थनेत त्याचं नाव घेते. आधी दात-ओठ खात घ्यायचे. बोलणं आमचं अजून नाहीच. नाव मात्र चुकवत नाही. आले, शिट्ट्या झाल्या.

शेव_परमल :
ताई, दात-ओठ खात केलेली प्रार्थनाही पोचत असणार.

पुणेरी_सून :
माहेर सोवळ्यातलं, नवरा ख्रिस्ती. सासूबाई "चर्चला चल" असं कधी म्हणाल्या नाहीत. एकदाच म्हणाल्या, "ना. वा. टिळकांनी १८९५ ला बाप्तिस्मा घेतला, त्यांच्या बायकोनं, लक्ष्मीबाईंनी, १९०० ला. तुला कसली घाई?" मी अजून घेतलेला नाही. पण या घरात भांडीवालीचा कप वेगळा नाही, याचं मला आल्या आल्या फार अप्रूप वाटलं होतं. सकाळचा पहिला चहा तिला, आणि तोही सासूबाईंच्या शेजारी खुर्चीवर बसून. दोघी मिळून माझ्या पोळ्यांना नावं ठेवतात तो भाग वेगळा.

मालव्याची_लेक :
सासूबाईंना माझा जय ख्रिस्त सांगा गं.

पुणेरी_सून :
सांगितला. म्हणतात, कुणाची लेक ते विचार आधी.

पेटीवाला :
टिळकांवरून आठवलं, त्यांच्या अभंगांच्या सरावाला पेटीचा एक सूर बोलतच नाही आणि भाताही फाटलाय. दुरुस्त करणारं कुणी माहितीये का?

शेव_परमल :
आमच्या काकांनी राजवाड्याकडे कुठेतरी करून घेतली होती. विचारून सांगतो. तोवर ढोलकीवर भागव.

पेटीवाला :
ढोलकीवाल्याची दहावीची परीक्षा आहे 😑